गाणं संपलं तरी पायाखालचा सूर थांबत नाही: अडकलेल्या नोटेचं कारण आणि उपाय

गाणं संपतं. टाळ्या होतात. निवेदिका माईकपाशी येऊन बोलायला लागते, आणि तिच्या आवाजाखाली खर्जातला एक जाड सूर तसाच चालू राहतो. पाय पेडलच्या पट्टीवर नाही, बास गिटारच्या तारा तळहाताने दाबून धरल्यात, तरी सूर चालूच. पायाने सिंथ (सिंथेसायझर) किंवा स्ट्रिंग्ज (व्हायोलिन-चेलोचे आवाज) वाजवणाऱ्या बास वादकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. माझ्या बाबतीत दोन वर्षांत सहा-सात वेळा झालं. दर वेळी कार्यक्रमात, तालमीत एकदाही नाही. त्या काळात मी केबल बदलल्या, अडॅप्टर बदलला, पेडलबोर्ड उघडून आतून साफ केला. खरं कारण सापडलं तेव्हा ते दुरुस्त करायला एक रुपयाही लागला नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी मांडणी अगदी साधी आहे. खांद्यावर चार तारांचा बास. पायाशी तेरा पट्ट्यांचा मिडी पेडलबोर्ड, म्हणजे एक सप्तक आणि वरचा षड्ज. (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप पाठवायची भाषा.) तिथून पाच पिनांची मिडी केबल साऊंड मॉड्यूलला, म्हणजे निरोप घेऊन प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या यंत्राला, आणि मॉड्यूलमधून डीआय बॉक्सला, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरकडे पाठवणाऱ्या डबीला. ही पद्धत जुनीच आहे. १९७०च्या दशकात मूग कंपनीचा टॉरस नावाचा तेरा पट्ट्यांचा पायाने वाजवायचा सिंथ आला. रश या कॅनेडियन बँडचा गेडी ली गाता गाता बास वाजवायचा आणि पायाने टॉरसचे खर्ज धरायचा. आमच्या संचात गरज वेगळी आहे. कीबोर्डवाल्या दादांचे दोन्ही हात बासरी, ॲकॉर्डियन, सतारीचे तुकडे यांत गुंतलेले असतात. व्हायोलिनचे चार-पाच वादक आणणं आमच्या बजेटमध्ये बसत नाही. मग अंतऱ्याआधीच्या पीसमधल्या लांब स्ट्रिंग्ज, चेलोचा खर्ज आणि नव्या गाण्यांमधला सिंथ बास माझ्या पायाकडे येतो.

त्या क्षणी स्टेजवर काय करायचं

आधी सूर बंद करायचा, कारण नंतर शोधायचं.

सगळ्यात भरवशाचा इलाज मिडीच्या बाहेरचा आहे. मॉड्यूलच्या ऑडिओ आउटपुटनंतर, डीआयच्या आधी, साधा व्हॉल्यूम पेडल लावा. टाच दाबली की आवाज शून्य, मग मॉड्यूलच्या पोटात काहीही चालू असो. यासोबत दुसरी गोष्ट करा: सिंथला मिक्सरवर स्वतःचं चॅनल मागून घ्या. पूर्वी मी एक डीआय वाचवायला बास आणि सिंथ एकाच लायनीत मिसळून द्यायचे. सूर अडकला की साऊंडवाल्या काकांकडे एकच उपाय उरायचा, ते चॅनलच म्यूट करायचे, आणि पुढच्या गाण्याला बासही गायब व्हायचा. ठाण्यातल्या गडकरी किंवा घाणेकरला, वाशीच्या भावे नाट्यगृहाला, कुठेही कार्यक्रम असला तरी मी इनपुटची यादी पाठवतानाच आता दोन ओळी लिहिते: बास डीआय, सिंथ डीआय.

सगळे सूर एकदम बंद करायचं ‘पॅनिक’ बटण बऱ्याच पेडलबोर्डवर असतं, पण दर वेळी चालतंच असं नाही, आणि त्यामागे कारण आहे. बहुतेक पॅनिक बटणं कंट्रोलर (मिडीतली क्रमांक दिलेली आज्ञा) क्रमांक १२३ पाठवतात, म्हणजे ‘सगळ्या नोट सोड’. पण मॉड्यूलच्या दृष्टीने सस्टेन चालू असेल, म्हणजे सस्टेनचा कंट्रोलर क्रमांक ६४ चालूच राहिलेला असेल, तर १२३ आल्यावरही सूर धरून ठेवायचा असाच मिडीचा नियम आहे. पियानोवर बोटं उचलली तरी पेडल दाबलेलं असेल तर सूर वाजत राहतो, तसंच. म्हणून क्रम असा लागतो: आधी ६४ ला शून्य, मग १२३, आणि त्यानेही नाही भागलं तर १२०, म्हणजे ‘सगळा आवाज तोड’. १२० आलं की सुराची मागे रेंगाळणारी शेपूटसुद्धा कापली जाते. एका बटणावर तिन्ही बसवता येत असतील तर बसवा, आणि मिडीच्या सोळाही चॅनलवर पाठवा.

आणखी एक झटपट युक्ती: सूर अडकण्याआधी जे सेटिंग होतं, तेच ट्रान्स्पोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय), तेच सप्तक, तोच पॅच (निवडलेला आवाज), त्यावर परत या आणि तीच पट्टी एकदा दाबून सोडा. बहुतेक वेळा सूर तिथेच थांबतो. का थांबतो, यातच सगळं उत्तर दडलेलं आहे.

हा विजेचा हम आहे की नोट?

आमच्या एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात सूर अडकला तेव्हा साऊंडवाले काका तडक माझ्याकडे आले. “ताई, अर्थिंग गेलंय बहुतेक, तुमच्या लायनीत हम येतोय.” त्यांनी डीआयवरचं हम घालवायचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, माझा अडॅप्टर दुसऱ्या बोर्डात लावला. अडॅप्टर काढल्याबरोबर सूर गेला, साहजिकच, कारण मॉड्यूल बंद पडलं होतं. पण आम्हा दोघांचीही खात्री झाली की दोष विजेचाच. त्या एका चुकीच्या निष्कर्षात माझे आठ महिने गेले.

आता मी कानाने ओळखते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) ‘जी’ (G) लागतो, तो ४९ हर्ट्झचा, आपल्या भाषेत पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. विजेचा हम चालू असताना हा सूर वाजवला तर सेकंदाला साधारण एक हेलकावा ऐकू येतो, कारण दोघांत एका हर्ट्झचा फरक आहे. मोबाइलवरचा ट्यूनर समोर धरला तर तो जी दाखवतो आणि काटा ३५ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आसपास वर थांबतो. हमचा ठळक भाग बऱ्याचदा १०० हर्ट्झचा असतो. तोही जीच, एक सप्तक वरचा. मैदानातल्या कार्यक्रमाला जनरेटर असेल तर आकडा थोडा मागेपुढे होतो, पण तरी तो गाण्याच्या सुरात मुद्दाम येऊन बसत नाही.

अडकलेली नोट मात्र नेहमी नेमक्या सुरात असते. त्या पहाटे गाणं काळी दोनमध्ये होतं, आणि तो ‘हम’ ए तारेच्या सहाव्या पडद्याशी तंतोतंत जुळत होता, एकही हेलकावा नाही. ७७.८ हर्ट्झ, चोख डी शार्प. वीज काळी दोन लावत नाही. हे तेव्हाच डोक्यात आलं असतं तर पुढच्या चार-पाच फेऱ्या वाचल्या असत्या.

कारण कसं सापडलं

ऐरोलीला घरी एका रात्री मी पेडलबोर्ड लॅपटॉपला जोडला आणि मिडी-ऑक्स उघडलं. हे विंडोजवरचं मिडी बघण्याचं सॉफ्टवेअर आहे. जे काही केबलमधून जातं ते ओळीओळीने पडद्यावर उमटतं. तासभर वाजवलं, सगळं व्यवस्थित. प्रत्येक ‘ऑन’ला त्याचा ‘ऑफ’. मग मी ठरवलं की गाणी वाजवायची नाहीत, कार्यक्रम वाजवायचा. दिवाळी पहाटेचा गाण्यांच्या क्रमाचा कागद काढला, त्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणा वाचल्या, आणि त्या पहाटे एकामागून एक जे जे केलं होतं ते त्याच क्रमाने केलं.

त्या कागदावर पाचव्या आणि सहाव्या गाण्याच्या मध्ये खूण होती: ‘अर्धा सूर खाली’. पहाटे साडेसहाला गाणाऱ्यांचा आवाज मोकळा झालेला नसतो. गायिकेने पाचवं गाणं संपतानाच मागे वळून मला खुणावलं होतं, “पुढचं काळी दोनऐवजी पांढरी दोनला घ्या हं.” शेवटचा खर्ज मी डाव्या पायाने धरलेला, आणि तो धरलेला असतानाच उजव्या पायाने ट्रान्स्पोजचं बटण एकदा दाबलं. मग डावा पाय उचलला. घरी अगदी तेच केलं आणि पडद्यावर दोन ओळी आल्या:

नोट ऑन, चॅनल १, क्रमांक ३९.
नोट ऑफ, चॅनल १, क्रमांक ३८.

३९ म्हणजे डी शार्प, काळी दोन. ३८ म्हणजे डी, पांढरी दोन. मॉड्यूलला ३९ सुरू करायला सांगितलं होतं. थांबवायला सांगितलं ३८ ला, जी वाजतच नव्हती. मॉड्यूलने तो निरोप सोडून दिला आणि ३९ वाजत ठेवली. त्याचं काहीच चुकलं नाही. मिडीत ‘पट्टीवरचा पाय उचलला’ असा निरोपच नसतो. ‘अमुक चॅनलवरची अमुक क्रमांकाची नोट थांबव’ एवढाच असतो. मधल्या काळात तुम्ही क्रमांक किंवा चॅनल बदललं, तर थांबवण्याचा निरोप भलत्याच पत्त्यावर जातो.

तालमीत हे कधी का झालं नाही, तेही लगेच कळलं. तालमीत आम्ही गाणं संपवतो, पाय उचलतो, पाणी पितो, मग पुढच्या गाण्याचं स्केल ठरवतो. कार्यक्रमात टाळ्या संपायच्या आत पुढचं सेटिंग लावायची घाई असते, आणि ती घाई सूर धरलेला असतानाच होते.

एकदा हे दिसल्यावर बाकीच्या जागा शोधायला वेळ लागला नाही. सप्तक वर-खाली करण्याचं बटण हेच करतं: ३९ सुरू, वर गेल्यावर ५१ ला थांब. पेडलबोर्डचा प्रीसेट (साठवून ठेवलेलं सेटिंग) बदलला आणि नव्या प्रीसेटचं चॅनल वेगळं असलं की हेच: चॅनल १ वर स्ट्रिंग्ज सुरू, थांबण्याचा निरोप चॅनल २ वरच्या सिंथ बासला. ‘लॅच’ नावाची सोय, एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद, ती तर जास्तच धोक्याची. मधे प्रीसेट बदलला तर पट्टी चालू होती हेच काही पेडलबोर्ड विसरतात.

काही यंत्रं शहाणी असतात. कोणत्या पट्टीने कोणता क्रमांक पाठवला हे ती लक्षात ठेवतात आणि मधे काहीही बदललं तरी त्याच क्रमांकाला ‘ऑफ’ पाठवतात. मॅकवरचं मेनस्टेज तर पॅच बदलल्यावरही धरलेला सूर जुन्याच पॅचमध्ये वाजू देतं आणि पाय उचलल्यावर तिथेच सोडतं. आपलं यंत्र यातलं आहे का, हे माहितीपत्रकात शोधत बसू नका. सूर धरा, बटण दाबा, पाय उचला. दहा सेकंदांत कळतं.

मी काय बदललं

पहिलं म्हणजे सवय. पाय उचलायचा, मगच बटण. हे सांगायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला मला महिनाभर लागला. मी पाचव्या आणि सहाव्या गाण्यामधला एवढा सांधाच रोज दहा-दहा वेळा वाजवत होते, गाणी नाहीत.

दुसरं, पेडलबोर्डवरचं ट्रान्स्पोज वापरणं बंद केलं. ज्या स्केलमध्ये गाणं आहे त्याच स्केलमध्ये पायाने वाजवायचं. आपण बास वाजवणारी माणसं, अर्धा सूर खाली सरकायला आपल्याला बटण कशाला लागावं? हात काळी दोनवरून पांढरी दोनवर एका पडद्याने सरकतात, तसेच पायही शिकतात. माझं मत असं की तेरा पट्ट्यांवर ट्रान्स्पोज लावून नेहमी एकाच जागी पाय ठेवणं ही सोय वाटते, पण अशाने आपण कोणता सूर वाजवतोय हेच विसरायला होतं.

तिसरा बदल आवाजात केला, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. खर्जाच्या पॅचचा सस्टेन (इथे पेडल नव्हे, तर पट्टी दाबलेली असताना सूर ज्या पातळीवर टिकतो ती) मी शून्यावर आणला आणि डीके (सूर तिथपर्यंत विरायला लागणारा वेळ) लांबवून बारा-पंधरा सेकंदांचा ठेवला. म्हणजे पट्टी दाबून ठेवली तरी सूर हळूहळू विरत जातो. आमच्या गाण्यांत खर्ज दोन ओळींपेक्षा जास्त कुठे धरावा लागत नाही, आणि लागलाच तर पुन्हा दाबता येतो. आता नोट अडकली तरी निवेदिकेचं पहिलं वाक्य संपेपर्यंत ती आपोआप मावळते. शिवाय खऱ्या चेलोलाही गजाची दिशा बदलावी लागते, त्यामुळे असा विरणारा सूर कानाला जास्त खरा लागतो.

पॅच मोनो (एका वेळी एकच सूर) ठेवला तर नवीन सूर जुन्याला ढकलून देईल असंही मला वाटलं होतं. ढकलतो, पण माझ्या मॉड्यूलमध्ये नवा सूर सोडला की खालून जुना परत उगवतो, कारण तो अजून धरलेलाच आहे असं त्याला वाटत असतं. तेव्हा मोनोवर विसंबू नका.

इतर संशयित

कुठलंही बटण न दाबताही सूर अडकत असेल, तर मात्र ‘ऑफ’चा निरोप वाटेतच हरवतोय. पाच पिनांची केबल १५ मीटरपेक्षा लांब नसावी. आणि स्टेजवर ती टेपने चिकटवा, नाचणाऱ्या मुलांच्या पायाखाली प्लग अर्धा निघतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या आपल्या दमट हवेने पट्ट्यांखालचे संपर्क काळे पडतात. तेव्हा एक ठरावीकच पट्टी त्रास देते, बाकीच्या चांगल्या चालतात. ती खूण लक्षात ठेवा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारून पट्टी वीसेक वेळा दाबली की बहुधा काम होतं.

लॅपटॉप आणि यूएसबी वापरत असाल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. तो चालू असेल तर निवेदन लांबलं की पेडलबोर्ड झोपी जाऊ शकतो. यूएसबीची केबल पाच मीटरच्या आतच ठेवा.

सस्टेनचं पेडल जोडलं असेल तर त्याची पोलॅरिटी बघा. काही कंपन्यांची पेडलं दाबल्यावर सर्किट जोडतात, काहींची तोडतात. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल कोणत्या जातीचं हे स्वतः ओळखतात. त्या क्षणी पेडलवर पाय असेल तर उलटं धरून बसतात. मग पाय काढल्यावरच सस्टेन लागतो आणि सगळेच सूर अडकतात. यंत्र बंद करून, पाय लांब ठेवून पुन्हा चालू करा.

पेडलबोर्ड नकोच, बासच्या तारांमधूनच सिंथ वाजवू, असं काही जण म्हणतात. त्यासाठी रोलंडचा जीके-३बी सारखा वेगळा पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) लागतो. अडचण यंत्राची नाही, खर्जाची आहे. सूर ओळखायला त्याच्या कंपनाचं निदान एक आवर्तन पुरं व्हावं लागतं. खुला ई ४१.२ हर्ट्झचा, म्हणजे एका आवर्तनालाच २४ मिलिसेकंद जातात. पाच तारांच्या बासवर खालचा बी ३१ हर्ट्झच्या आसपास, तिथे ३२ मिलिसेकंद. तबल्याच्या समेवर एवढा उशीर मला जाणवतो. ‘जी’ (G) तारेवर वाजवून मॉड्यूलमध्ये एक सप्तक खाली उतरवलं तर तो उशीर खुल्या ई तारेच्या निम्म्याहून कमी होतो. शेजारची तार नकळत थरथरली की तिचीही नोट निघते आणि रेंगाळते, म्हणून डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर टेकवून ठेवावी लागतात.

आता प्रत्येक साऊंड चेकला मी एवढंच करते. सगळ्यात खालची पट्टी दाबून धरते, प्रीसेट बदलते, पाय उचलते, ऐकते. मग सप्तक बदलून. मग सस्टेन दाबून. शेवटी मुद्दाम नोट अडकवते आणि व्हॉल्यूम पेडलची टाच दाबते, म्हणजे काकांनाही कळतं की हा सूर कोणाचा आहे. शांत झालं की स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये तबला थोडा वाढवून मागते आणि बास ट्यून करायला घेते.